तयारी सासरी, बाळ माहेरी

लोकांना वेळेआधी घाबरवायचं, हे माझं काम. असं मी म्हणते, डॉक्टर म्हणत नाहीत. ते त्याला समुपदेशन म्हणतात आणि फाईलवर तसा शिक्काही मारतात. शिरूरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं सिस्टर आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली, किलो-सव्वा किलोची बाळं आमच्याकडं ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत असतात. एखादीचं बाळ लवकर येईलसं वाटलं, की बाळंतपणाचे डॉक्टर तिला आधीच आमच्याकडं पाठवतात. मग तिच्या माणसांना समोर बसवून पुढं काय काय होणार ते मी सांगते.

पूर्वी हे डॉक्टर स्वतः सांगायचे. शांतपणे, कागदावर चित्र काढून. माणसं माना हलवायची आणि बाहेर येऊन मला विचारायची, "म्हंजी नेमकं काय म्हनले वो?" असं सतत व्हायला लागल्यावर डॉक्टर वैतागले. म्हणाले, "सिस्टर, शेवटी तुम्हालाच विचारतात, तर तुम्हीच सांगा." तेव्हापासून वजनकाट्याच्या खोलीत एक टेबल, दोन स्टुलं आणि माझं तोंड.

मी सांगते ते असं. बाळ तळहाताएवढं असेल. लाल दिसेल, कातडी पातळ, आतल्या शिरा दिसतील. नाकात नळी, छातीला वायर, पायाला वायर. मशीन ओरडलं म्हणजे दर वेळी काहीतरी बिघडलं असं नसतं. दूध ओढायची ताकद नसते, म्हणून नळीनं थेंब थेंब द्यायचं; पण ते आईचंच लागतं. तेव्हा आईनं दर दोन-तीन तासांनी काढायचं, नाही आलं तरी काढत राहायचं. पहिल्या आठवड्यात वजन कमी होतं, त्यावर बोंब मारायची नाही. आणि हे नीट ऐका: एवढंसं बाळ जन्मल्याबरोबर रडेलच असं नाही. रडलं नाही म्हणजे गेलं, असं धरून बाजूला ठेवू नका. पुसून कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोकं झाका, वरून पांघरा आणि तसंच्या तसं इकडं आणा. आंघोळ नाही, गुटी नाही, मध नाही.

एवढं ऐकून कुणी माझ्यावर खूश होत नाही. सासवा पदराचं टोक तोंडाला लावतात. एक आबा तर अर्ध्यातच उठले, "पोरीच्या पोटात लेकरू हाय आन् ही बाय काय काय बोलती," असं म्हणत बाहेर जाऊन बसले ते आलेच नाहीत. आपल्याकडं बाळ जन्माला यायच्या आधी कुणी त्याला टोपरं शिवत नाही, मग ते कमी दिवसांचं येईल हे ऐकणं तर लांबच. सगळ्यात नीट ऐकतात ती कारेगावच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी बिहारकडची जोडपी. त्यांचं इथं कुणीच नसतं. मी माझ्या मोडक्या हिंदीत बोलते, तो मोबाईलवर उतरून घेतो, ती मधे मधे विचारते. असं का, याचा मी कधी विचार केला नव्हता.

ज्या पोरीबद्दल सांगायचंय तीही कारेगावचीच, म्हणजे नवऱ्याबरोबर तिथं राहायची. नवरा कंपनीत, शिफ्टवाला. त्याचं गाव इथून जवळ, म्हणून दिवस राहिल्यावर सासू येऊन राहिली होती. पोरगी एकवीस-बावीसची, पहिलटकरीण. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं तोंड आखूड होत चाललेलं, म्हणजे बाळ लवकर येणारसं दिसलं, तेव्हा तिला आमच्याकडं पाठवलं. आराम, गोळ्या आणि सिस्टरचं भाषण.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी माझा निम्मा वेळ खाल्ला. "जरा शुभ बोला की वो बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, शुभ बोलायला भटजी आहेत. माझ्याकडं ज्या कामाला आलात ते ऐका." नवरा गालात हसला. दुसऱ्या वेळी त्या जरा नरमल्या. तिसऱ्या वेळी मी दोघांना आत नेऊन काचेतून पेटीतली बाळं दाखवली. सासूबाईंनी नाक काचेला लावलं, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "उंदराच्या पिलागत हाय की वो. आन् जगतंय?" मी म्हटलं, "जगतंय की. तुमच्यासारखी आजी बाहेर शांत बसली तर लवकर जगतंय."

त्यानंतर ती बाई अशी काही पेटली, की विचारू नका. पुढच्या खेपेला आल्याबरोबर मलाच म्हणून दाखवायला लागली. पुसायचं, कोरडं करायचं, छातीवर घालायचं, डोकं झाकायचं. मुलगा मधे काही चुकला तर त्याला, "तू गप, तुला काय म्हाईत." जुनी सुती लुगडी धुवून, उन्हात वाळवून, घड्या करून पिशवीत ठेवली होती. म्हणाली, "नवं न्हाई घेतलं काय. जुनं हाय, जुन्याला कशाचा दोष." मी मनात म्हटलं, झकास. डॉक्टरांनाही सांगितलं, एवढी तयार झालेली पार्टी मी आजवर बघितली नाही.

आणि ती पोरगी? ती होती ना. दोन्ही स्टुलांवर सासू आणि नवरा, ती वजनकाट्याला टेकून उभी. सहा महिन्यांची गरोदर बाई उभी आणि आम्ही तिघं बसून तिच्याच बाळाबद्दल बोलतोय, हे मला त्या वेळी दिसलंच नाही. खोटं कशाला बोलू. शेवटी मी विचारायची, "कळलं का गं?" ती मान खाली घालून म्हणायची, "व्हय." झालं. पुढचा नंबर.

सातवा लागल्यावर तिच्या माहेरहून बोलावणं आलं. माहेर मांडवगण फराट्याचं. वडील नव्हते; आई आणि भाऊ. आईची हयात मेंढरांमागं गेलेली, अलीकडं मेंढरं विकून घरचं रान करायला लागलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. भाऊ येतो, सासरचे चोळी-बांगडी करून ओटी भरतात, पोरगी गाडीत बसते. आमचं घर जय भीमवालं, पूजाअर्चा काही नाही. पण माझंसुद्धा पहिलं बाळंतपण माझ्या माहेरी, दौंडलाच झालं. वडील रेल्वेत होते, त्यांनी मला न्यायला स्वतः रजा टाकली होती. नाही आलीस तर लोक काय म्हणतील, लेक जड झाली म्हणतील, असं आई म्हणाली होती. ही गोष्ट मला शिकवायला कुणी बाहेरचं नको होतं.

त्या नवऱ्यानं मला फोन केला होता, हे मला चांगलं आठवतं. म्हणाला, "सिस्टर, तिला माहेरी न्यायचं म्हणतात. गाडी हळू चालवली तर चालंल का?" मी तेव्हा एका बाळाला सुई लावत होते, फोन खांदा आणि कानाच्या मधे धरलेला. म्हटलं, "ते बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारा." डॉक्टर नको म्हणाले होते, तसं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, "मग नको." तो म्हणाला, "आईचंबी तेच म्हननं हाय, पन तिच्या आईनं लय धरलंय. पहिलं हाय ना. आता न्हाई म्हनलं तर कायमचं वाकडं यील." मग मी म्हटलं, "न्यायचंच असेल तर काही झालं की लगेच इकडं आणा, सगळं तुम्हाला सांगितलंय." तो "व्हय व्हय" म्हणाला. मी फोन ठेवला.

सगळं तुम्हाला सांगितलंय! कुणाला? जी दोघं तिथं नसणार त्यांना. तीन-चार वेळा घसा कोरडा करून मी एका घराची तयारी करून घेतली आणि बाळ येणार होतं दुसऱ्याच घरात. त्या मांडवगणच्या आईला मी कधी बघितलंही नव्हतं. मला विचारायचं सुचलं नाही की बाई, तुझ्याजवळ त्या वेळी कोण असणार. स्वतः माहेरी बाळंत झालेली मी. पण नाहीच सुचलं.

पुढचं मला त्या आईकडून आणि भावाकडून कळलं, तुकड्या-तुकड्यानं.

माहेरी जाऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. सकाळी पोरीच्या कंबरेत कळ आली. आई म्हणाली वात धरलाय, सातव्यात खोट्या कळा येतात. ओव्याचं पाणी दिलं, कंबर चोळली. चूक म्हणावं तर तिच्या जागी ती बरोबरच होती. तिची स्वतःची पाच बाळंतपणं झाली होती, त्यातली दोन तर माळावर, मेंढरं थांबलेली असताना. तिला कोण शिकवणार? पोरीनं नवऱ्याला फोन लावला. पहिल्या शिफ्टला मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये असतो, तो वाजून वाजून बंद झाला. सासूला फोन करूया असं भाऊ म्हणाला, तर आई म्हणाली, "इहीनबाईला कशाला? इतक्यात बोलावलं तर म्हनतील, चार दिस पोर संभाळता आली न्हाई." आणि ज्या बाईला सगळं पाठ होतं ती कारेगावात गहू निवडत बसली होती.

दुपारी बाराच्या आसपास एकदम पाणी गेलं. भाऊ शेजाऱ्याची पिकअप आणायला पळाला. तो यायच्या आत पडवीतच बाळ झालं. मुलगा. रडला नाही, हलला नाही, निळसर. आईनं नाळ बांधली, कापली, आणि तेवढ्यात पोरीचं रक्त जायला लागलं. थांबेना. आता त्या बाईनं कुणाकडं बघायचं? तळहाताएवढ्या, न रडणाऱ्या बाळाकडं की डोळ्यांदेखत पांढऱ्या पडत चाललेल्या लेकीकडं? तिनं बाळ लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून भिंतीकडंला ठेवलं आणि लेकीला धरलं. कुणीही असतं तर हेच केलं असतं, मीसुद्धा.

गाडी आली. पोरीला मागं गादी टाकून आडवी केली, आई शेजारी बसली. भाऊ गाडी सोडणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "माझं लेकरू द्या." आई म्हणाली, "बाळे, त्यात काय न्हाई आता." ती म्हणाली, "द्या म्हनते ना." आई रडायला लागली. शेवटी शेजारणीनं ते गाठोडं आणून दिलं. पोरीनं धडपा सोडला, बाळ चोळीच्या आत छातीशी घातलं, वरून पदर, त्यावर आईची शाल. वाटेत आईनं दोनदा घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही. मांडवगणहून दौंडही तेवढंच आणि शिरूरही जवळजवळ तेवढंच. पण ताईची फाईल शिरूरला म्हणून भावानं गाडी इकडं घातली. बाळासाठी नाही. बाळाला त्यानं मनातून केव्हाच सोडलं होतं. लेकीचं रक्त थांबावं म्हणून ते आले.

आमच्या दवाखान्याच्या दारात पिकअप उभी राहिली तेव्हा मी पायरीवर होते. पोरीला स्ट्रेचरवर घेताना मी तिचा पदर सरकवला. आत बाळ. मी हात लावला तर अंग उबदार. बोट छातीवर ठेवलं, तर आत चालू होतं. श्वास अगदी वरवरचा, मोजायला कठीण, पण होता. मी ते उचलून अशी पळाले, की एक चप्पल दारातच राहिली.

बाळाला श्वासाची नळी लावली, पेटीत घातलं. पोरीला शेजारच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नेलं, तिचंही रक्त थांबलं. अर्ध्या-पाऊण तासानं मी बाहेर आले. तिची आई भिंतीला टेकून खाली बसली होती, हातावर वाळलेलं रक्त तसंच. मी विचारलं, "बाळ छातीशी ठेवायला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "कुनी न्हाई. तिनंच मागून घेतलं." आणि मी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला! छातीशी ठेवलं म्हणून वाचलं तुमचं बाळ!"

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "जित्तं हाय?"

"जिवंत आहे. पुढचं पुढं बघू."

त्यावर तिनं तोंडात पदर कोंबला. ती रडली कशासाठी ते मला कळत होतं. जिवंत नातू तिनं भिंतीकडंला ठेवला होता.

संध्याकाळी नवरा कंपनीच्या कपड्यांतच आला, मागोमाग सासू, पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या. आता दोन विहिणी समोरासमोर, पेटतंय आता, म्हणून मी मधे जाऊन उभी राहिले. पण सासूबाई विहिणीला एक शब्द बोलल्या नाहीत. तिच्याजवळ बसल्या, तिचा हात ओल्या फडक्यानं पुसला आणि काचेकडं बोट करून म्हणाल्या, "ती नळी हाय ना, ती श्वासाची. ती वायर काळजाची. मशीन वरडलं तर घाबरू नका, दर येळंला काय बिघडलेलं नसतं." मी सांगितलेलं सगळं त्या बाईनं एकदाचं वापरलं, फक्त दुसऱ्या आजीवर. मला हसू आलं, आणि थोडं रडूही. पुढं दीड महिना दोघी तशाच बाकावर बसायच्या. वजन कमी झालं त्या दिवशी माहेरची आई ओरडणार एवढ्यात सासूबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला, "कमी व्हतंच. सिस्टर म्हनल्यात."

बाळानं आमचे चांगलेच हाल केले. मधे कावीळ, मधे श्वास विसरायचं. विसरलं की पायाला टिचकी मारायची, मग परत आठवायचं त्याला. पोरगी उठून बसायला लागल्यावर तिच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. ती काही बोलायची नाही, बाळाच्या डोक्याकडं बघत तासन् तास बसायची. दूध काढ म्हटलं, काढायची. बस म्हटलं, बसायची. अशी शहाणी आई सगळ्यांना मिळो, असं मी म्हणायची. दीड महिन्यानं दोन्ही घरची माणसं त्याला घेऊन गेली.

मी मात्र कानाला खडा लावला. आता वजनकाट्याच्या खोलीत तीन स्टुलं आहेत आणि पहिला प्रश्न हा: बाळंतपण कुठं करणार? माहेरी म्हटलं की मी त्यांच्याच मोबाईलवरून पोरीच्या आईला फोन लावते आणि सगळं परत पहिल्यापासून सांगते. पलीकडून शिव्याच येतात बहुतेक वेळा. येऊ द्या.

आणि त्या फोननंतर, समोरच्यांना पटावं म्हणून, मी त्या मांडवगणच्या पोरीची गोष्ट सांगायची. बघा, आई होती, भाऊ होता, कुणाला काही माहीत नव्हतं, पण तिनं माझं ऐकलं होतं. शब्दन् शब्द ध्यानात ठेवला होता. एवढं रक्त जात असताना, वेळ आल्यावर बरोबर तेच केलं. म्हणून म्हणते, ऐका. ही गोष्ट ऐकली की उठून जाणारी माणसंही परत खाली बसायची. मी ती किती जणांना सांगितली असेल, हिशोब नाही. दर वेळी सांगताना माझीच मान जरा ताठ व्हायची, हेही कबूल करते.

बाळाला वर्ष उलटून गेल्यावर ती एका सकाळी दाखवायला घेऊन आली, बरोबर तिची आई. पोरगं पायावर उभं, टेबलाचा कोपरा धरून चालतंय, फाईल ओढतंय. त्या वेळी माझ्यासमोर एक जोडपं आणि त्यांची सासू बसली होती, नेहमीसारखी नाकं मुरडत. मला काय, आयतीच साक्षीदार मिळाली. मी तिला आत ओढलं. "हीच ती! हाच तो! आता बोला!" आणि तिच्यासमोर ती सगळी गोष्ट परत एकदा, तिखटमीठ लावून सांगितली. ती पोरगी खाली बघून हसत होती. समोरची सासू उठली आणि त्या पोराची दृष्ट काढून बोटं मोडून गेली.

ती माणसं गेल्यावर तिची आई पोराला घेऊन बाहेर गेली. पोरगी थांबली. आता ती स्टुलावर बसलेली आणि मी उभी.

"सिस्टर, एक सांगू का? रागावू नगा."

मी म्हटलं, "सांग की."

"तुमी सांगत व्हता ना, तवा मला काय ऐकूच यायचं न्हाई. तळहाताएवढं असंल म्हनलात, तिथंच माझं कान बंद पडलं. फुडचं समदं आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी ऐकलं. तुमी कळलं का इचारायचा, मी व्हय म्हनायची."

मला वाटलं ही चेष्टा करते. म्हटलं, "अगं, मग छातीशी कसं ठेवलंस त्याला?"

"मलाबी वाटलं गेलंच ते. आईनं भितीकडंला ठेवलेलं दिसत व्हतं मला. गाडीत घातलं तवा म्हनलं, मी दवाखान्यातनं यीस्तवर हे लोक त्याला पुरून मोकळं व्हतील. आईला दावत न्हाईत वो तसलं लेकरू. मंग म्हनलं, माझं हाय तर एकदा तरी आंगाशी धरू द्या मला. म्हनून मागून घेतलं."

मी हातातली फाईल टेबलावर ठेवली.

"गार पडलं व्हतं," ती म्हणाली. "वाटंत न्हावरं गाव मागं पडल्यावर जरासं हाललं. तर मला वाटलं, गाडी आदळली म्हनून हाललं."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, कुणीतरी भर चौकात कानफटात मारावी तसं झालं. मी वर्षभर जे शिकवल्याचं मिरवत होते, ते शिकवणं नव्हतंच. ती बाई मेलेल्या लेकराला निरोप देत होती आणि ते लेकरू तिच्या उबेनं जिवंत राहिलं. माझा एक शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. समोर उभ्या असलेल्या, घाबरून बहिऱ्या झालेल्या पोरीला मी तीन-तीन वेळा "कळलं का गं" विचारून पुढचा नंबर बोलावला होता. दीड महिना रोज तिच्याशी बोलले, तरी हे एकदा विचारलं नाही.

मी म्हटलं, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी गावभर सांगत सुटले."

ती म्हणाली, "आईमुळं. तिनं जित्तं लेकरू बाजूला ठेवलं, हे तिला अजून सोसत न्हाई. झोपंत उठून बसती. तिला वाटतंय मला ठावं व्हतं, तुमी शिकवलं व्हतं. शिकलेल्या मानसाला कळतं, आपल्याला न्हाई कळलं, असं म्हनून ती मन घट करती. मीबी मेलंच समजले व्हते आन् नुसतं असंच वाचलं, हे कळलं तर ती खचंल वो. तिला सांगू नगा. तुमी सांगता तसंच सांगत ऱ्हावा."

एवढ्यात दार ढकलून तिची आई आत आली. पोरगं कडेवर, त्याच्या हातात लाल फुगा. तिनं पोराला लेकीकडं दिलं, पिशवीतून नारळ आणि खण काढून टेबलावर ठेवला, आणि डोक्यावर पदर घेऊन माझ्या पायांवर वाकली. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी तरी मोठी. म्हणाली, "सिस्टर, तुमच्या सांगन्यानं माझा नातू हाय."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी पाय मागं घेतले नाहीत.